प्रेतांच्या मेळ्यांत हास्यरस

हास्य आणि भयानक हे परस्परांचे वैरी रस होत, असा निर्णय आपल्या साहित्यशास्त्रानें फार पूर्वींच देऊन ठेवला आहे. विश्वनाथानें साहित्यदर्पणांत हास्याच्या शत्रूंमध्यें भयानकाबरोबर करुणालाहि बसविलें आहे. व्यवहारांतहि हें पटण्यासारखें आहे. भ्यालेला मनुष्य हंसत नाहीं, आणि जो हंसला त्याची भीति तेवढ्यापुरती तरी ओसरली, असेंच आपण समजतों. असें असतां या तिन्ही रसांना एका छपराखालीं नांदविण्याचें साहस जी कृति करते, तिची परीक्षा आस्थेनें केली पाहिजे. एडगर राइट यांनीं दिग्दर्शित केलेला, आणि त्यांनीं व सायमन पेग यांनीं मिळून लिहिलेला ‘शॉन ऑफ द डेड’ हा २००४ सालचा इंग्रजी बोलपट अशीच एक कृति आहे.

शॉन हा लंडनमधील विजेच्या उपकरणांच्या दुकानांत नोकरी करणारा २९ वर्षांचा तरुण. कामांत मन नाहीं, सावत्र बापाशीं वांकडें, प्रेयसी लिझ कंटाळून दुरावलेली. आणि एड नांवाच्या ऐतखाऊ मित्राबरोबर ‘विंचेस्टर’ या मद्यगृहांत संध्याकाळ घालवावयाची, एवढाच त्याचा जीवनक्रम. अशांत एके दिवशीं मेलेलीं माणसें उठून जिवंतांचे लचके तोडूं लागतात, आणि आईला व लिझला सोडवून आणण्याची जबाबदारी या निरुद्योगी जीवावर येऊन पडते. आश्रयासाठीं त्याला सुचतें तें स्थळ म्हणजे पुन्हां तें मद्यगृहच!

या बोलपटांतील उत्तम विनोद शब्दांत नाहीं, दृश्यांत आहे. एका सकाळीं शॉन पेंगुळलेल्या डोळ्यांनीं कोपऱ्यावरच्या दुकानांत जाऊन परत येतो. पुढें पुन्हां एका सकाळीं तीच वाट, तेंच दुकान. पण आतां रस्त्यांत प्रेतें भटकत आहेत, शीतकपाटाच्या कांचेवर रक्ताळलेले हात उमटले आहेत, पाय रक्तावरून घसरतो आहे. आणि शॉनला त्यांतलें कांहींच दिसत नाहीं! प्रेक्षक हंसतो, पण लगेच चपापतो. कारण आरंभींच, संकटाचा मागमूसहि नसतांना, गल्ल्यावर व बसच्या थांब्यावर उभीं असलेलीं निर्जीव चेहऱ्यांचीं माणसें त्यानें पाहिलेलीं असतात. तीं तर जिवंत होतीं. ही थट्टा मेलेल्यांची नसून जिवंतांची आहे.

विडंबन बहुधा तुच्छतेंतून जन्मतें. येथें तें प्रीतींतून जन्मलें आहे. जॉर्ज रोमेरो यांनीं १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ पासून जें प्रेतविश्व उभारलें, त्याचे हे दोघे लेखक भक्त आहेत. बोलपटाचें नांवच रोमेरो यांच्या १९७८ च्या ‘डॉन ऑफ द डेड’ शीं यमक जुळवून ठेविलेलें आहे. रोमेरो यांनींहि या भक्तांचा राग न मानतां, २००५ च्या आपल्या ‘लँड ऑफ द डेड’ मध्यें दोघांना झोंबींच्या छोट्या भूमिका दिल्या. पण खरी भक्ति नामस्मरणांत नसून नियमपालनांत असते. ज्याला प्रेत चावलें तो मेलाच, हा रोमेरोंचा नियम येथें विनोदाच्या सोयीसाठीं कोठेंहि मोडलेला नाहीं.

त्या नियमाची कठोर कसोटी शॉनच्या आईच्या प्रसंगीं लागते. कोणाला उगाच त्रास नको म्हणून ती माउली आपली जखम झांकून ठेवते. ती उघडकीस येते तेव्हां मुलाच्या हातीं बंदूक घेण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं. तत्पूर्वीं सावत्र बाप मोटारींत प्राण सोडतांना आपल्या मायेची कबुली देतो; आणि प्रेत होऊन उठल्यावर त्याचा हात प्रथम जातो तो कर्कश संगीत बंद करण्याकडे! या एका हालचालीनें हंसूं येतें आणि गळाहि दाटतो. पेनेलोपी विल्टन आणि बिल नाय यांचा संयत अभिनय येथें विशेष वाखाणण्याजोगा आहे.

दोष नाहींत असें नाहीं. लिझला आधीं रुसणें आणि मग मागोमाग चालणें यापलीकडे फारसें काम नाहीं. तिच्या एका सोबत्याचीं आंतडीं ओढून काढण्याचें दृश्य रोमेरोंच्या प्रेमापायीं लांबविलें आहे. तेथें भय संपून केवळ किळस उरते.

मराठींतहि २०२२ सालीं आदित्य सरपोतदार यांनीं डोंबिवलींत झोंबी आणून ‘झोंबिवली’ काढला. तेव्हां हा प्रकार आपल्याला परका राहिलेला नाहीं. त्या वाटेनें जाऊं इच्छिणारांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. दोन विरोधी रसांमध्यें तिसरा रस घालून त्यांचा विरोध मिटवितां येतो, असें आनंदवर्धनानें सांगून ठेविलें आहे. येथें हास्य व भय यांमध्यें उभा असलेला तो तिसरा म्हणजे स्नेह होय. आई, मित्र, जुने बोलपट, या साऱ्यांवरील स्नेह. तो नसता, तर या मेळ्यांत नुसती प्रेतेंच उरलीं असतीं.