‘पुरेसे ज्ञान’ : नागरिकत्व कायद्यातील भाषेच्या अटीची चिकित्सा

नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ६ अन्वये परकीय व्यक्तीस देशीयकरणाने भारतीय नागरिकत्व मिळू शकते. त्यासाठीच्या पात्रता कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत दिल्या आहेत. वास्तव्याची अट तेथे मोजून दिली आहे : अर्जापूर्वीचे सलग १२ महिने आणि त्याआधीच्या १४ वर्षांपैकी एकूण ११ वर्षे. भाषेची अट मात्र एका विशेषणावर सोडून दिलेली दिसते. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील एखाद्या भाषेचे ‘पुरेसे ज्ञान’ अर्जदारास असावे, एवढेच कायदा म्हणतो. पुरेसे म्हणजे किती आणि कशासाठी, हे तो सांगत नाही. या मोघमपणाचा विचार विधी विभागापेक्षा भाषा विभागांनी करावयास हवा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कारण अर्जासोबत जोडावयाचा भाषेचा दाखला शैक्षणिक संस्थेचाही चालतो. असा अर्जदार उद्या आपल्याच मराठी विभागात आला, तर आपण कोणत्या कसोटीवर सही करणार?

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर मॅक्सीन बर्नसन यांचे उदाहरण लक्षणीय आहे. मूळच्या अमेरिकन असलेल्या बर्नसन यांनी फलटणच्या मराठीतील सामाजिक भेदांचा अभ्यास केला, त्या तेथेच राहिल्या आणि १९७८ मध्ये भारतीय नागरिक झाल्या. त्यांच्या मराठीविषयी शंका घेण्याचे कारणच नव्हते. परंतु त्यांचा अभ्यासविषय या अटीच्या मुळाशी जातो. एका गावची मराठीही एकच नसते, तर अर्जदाराने कोणाची मराठी आत्मसात करावी? तो शेतमजुरांत राहिला असेल, तर त्यांचीच बोली बोलेल. ती ऐकून ‘अशुद्ध’ असा शेरा मारण्याची आपली प्राध्यापकी सवय येथे कोणाचे नागरिकत्व अडवू शकते.

या अटीत आणखी एक विसंगती आहे. सिंधीचा आठव्या अनुसूचीत समावेश १९६७ मध्ये झाला, कोकणी व नेपाळीचा १९९२ मध्ये. त्यापूर्वी केवळ सिंधी जाणणारा अर्जदार कलम ६ च्या लेखी भाषाहीनच होता. आज मात्र त्याच भाषेच्या बळावर, मराठीचा शब्दही न येता, उल्हासनगरात राहून नागरिक होता येते. म्हणजे अट परिसराच्या भाषेची नाही, यादीतील भाषेची आहे. सोलापूरकरांना यात नवल वाटू नये. निजामाच्या मुलखातून येथे येऊन स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांना १९५० मध्ये घटनेच्या पाचव्या अनुच्छेदाने नागरिक मानले, तेव्हा जन्म, वास्तव्य व अधिवास पाहिला गेला. भाषा विचारली गेली नाही. तेलुगू घरात राहिली आणि मराठी बाजारपेठेत आपसूक आली.

अमेरिकेचा कायदा या बाबतीत कडक असला तरी अधिक स्पष्ट आहे. तेथे इंग्रजीची परीक्षा आहे. पण कायम वास्तव्याच्या परवान्यावर २० वर्षे राहिलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या अर्जदारास इंग्रजीतून सूट मिळते आणि नागरिकशास्त्राची प्रश्नोत्तरे दुभाष्यामार्फत स्वतःच्या भाषेत देता येतात. न्यू जर्सीत वीस वर्षे काढलेल्या मराठी आजी ती मराठीत देऊ शकतात. शिवाय अभ्याससाहित्य शासनच मोफत पुरवते. आपल्याकडे परीक्षा नाही, ही सोय वाटते. प्रत्यक्षात परीक्षेची जागा दाखला देणाऱ्याच्या मर्जीने घेतली आहे.

२०२४ च्या सुधारित नियमांनी, अफगाणिस्तान, बांगलादेश व पाकिस्तान येथून आलेल्या ठरावीक समुदायांच्या अर्जदारांपुरते, हे कोडे सोडवले आहे. भाषा बोलता, वाचता किंवा लिहिता, यांपैकी एक काहीही येणे पुरेसे मानले असून अर्जदाराचे स्वतःचे घोषणापत्र ग्राह्य धरले आहे. त्या कायद्याविषयीचे वाद येथे बाजूस ठेवले, तरी ही व्याख्या निःसंशय चांगली आहे. मग ती इतर अर्जदारांना का लागू नसावी? तसे होईपर्यंत विभागांनी निदान आपली कसोटी लिहून ठेवावी. रेशन दुकानात, दवाखान्यात आणि पोलीस ठाण्यात स्वतःचे म्हणणे मांडता येते काय, एवढे तपासावे. व्याकरण विचारू नये.