ठरलेल्या कुस्तीतील रस

देवळातील कीर्तन आटोपल्यावर सभामंडपात आम्ही चार मंडळी बसलो असता एका वयोवृद्ध सद्गृहस्थांनी मला सरळच विचारले, "अहो, तुम्ही तालमीतल्या कुस्तीचे एवढे दर्दी, आणि रात्री टीव्हीपुढे बसून ती अमेरिकन नुरा कुस्ती पाहता म्हणे! जिचा निकाल आधीच ठरला आहे, तीत पाहावयाचे तरी काय?" प्रश्न रास्त होता. मीही तो स्वतःस अनेकदा विचारला आहे. त्या वेळी मी एवढेच म्हणालो, "अण्णा, याच मंडपात जत्रेच्या रात्री आपण दशावतार पाहावयास पहाटेपर्यंत बसलो होतो. राक्षस मरणार हे ठाऊक आहे, म्हणून आपल्यापैकी कोणी मध्येच उठून गेले काय?" मंडळी हसली. परंतु हे उत्तर अर्धेच होते, हे माझे मला कळत होते. उरलेले अर्धे येथे मांडण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम नुरा कुस्तीविषयी. यात्रेच्या फडात दोन मल्ल खडाखडी करतात, तेव्हा मातीभोवती बसलेला शेतकरी एका अलिखित कराराने तेथे आलेला असतो. जो खरोखर सरस तो चीत करील, आणि दोघे समबळ असले तर कुस्ती बरोबरीत सुटेल, हा तो करार होय. तेथे आतून संगनमत करून पडणारा मल्ल इनामाची, वस्तादाची आणि मातीची चोरी करतो. त्या नुरेविषयी माझ्या मनात तिटकाराच आहे. परंतु जेथे हा करारच नाही, तेथे त्या मोडण्याचा दोष कसा द्यावा? १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनने, म्हणजे आजच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ई.ने, आपले खेळ ही स्पर्धा नसून करमणूक आहे असे स्वतःच मान्य केले. हेतू सत्यनिष्ठेचा नव्हता. क्रीडा आयोगाची देखरेख आणि कर टाळावयाचा होता. तथापि त्या दिवसापासून समीक्षकाचे काम सोपे झाले. ही कुस्ती नव्हे, हे नाट्य आहे; तेव्हा तिला नाट्याचीच कसोटी लावली पाहिजे. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी तर १९५७ च्या आपल्या 'मिथॉलॉजीज' या संग्रहात ही कुस्ती खेळ नसून प्रेक्षणक आहे, असे म्हणून तिचे नाते ग्रीक नाटकाशी जोडले होते. आपण ते दशावताराशी जोडावे, हे मला अधिक सोयीचे वाटते.

कारण साम्य केवळ वरवरचे नाही. दशावतारी मंडळींजवळ लिहिलेली संहिता नसते. रंगपटात आख्यान ठरते, कोणी कोणाचा वध करावयाचा ते ठरते. मग संवाद आणि युद्ध हे रंगभूमीवरच, मृदंगाच्या ठेक्यावर आणि समोरच्या नटाच्या डोळ्यांकडे पाहून उभे राहते. व्यावसायिक कुस्तीचीही परंपरागत रीत हीच. शेवट ठरलेला असतो. मधला बराचसा भाग मल्ल एकमेकांच्या कानांत कुजबुजत, प्रेक्षकांचा रोख पाहत रचीत जातात. म्हणून दोन वाईट नट एकत्र आले की आख्यान जसे रडते, तशी ही कुस्तीही रडते.

माझी या विषयाशी ओळख दारासिंगांमुळे झाली. साठीच्या दशकात मामांनी मला मुंबईस वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये त्यांची एक दंगल पाहावयास नेले होते. जाहिरातीत सारे खरे म्हणूनच विकले जाई, आणि मामांसारखा तालमीत घाम गाळलेला मनुष्य दर डावास "हे असे होत नसते" असे पुटपुटत होता. परंतु दारासिंग शड्डू ठोकून पुढे आले, तेव्हा मामाच प्रथम उभे राहिले! याचे कारण मला पुढे उमगले. १९५४ मध्ये 'रुस्तुम-ए-हिंद' झालेला हा मल्ल मातीतून आलेला होता. त्यांचे उभे राहणे, पाय रोवणे, पकड घेणे यांत तालमीचे संस्कार दिसत. हंगेरीचा तो अवाढव्य किंग काँग समोर असो, वा २९ मे १९६८ रोजी मुंबईतच ज्यांना त्यांनी हरविले ते अमेरिकेचे नामांकित लू थेझ असोत, बलाच्या बरोबरीने शालीनताही आखाड्यात उभी आहे असे प्रेक्षकांस वाटे. १९८३ मध्ये निवृत्त झालेले दारासिंग १९८७ च्या 'रामायण' मालिकेत हनुमंताच्या वेषात दिसले, तेव्हा घरोघरी वडीलधाऱ्यांनी हात जोडले. तो मान केवळ वेषाचा नव्हता. पंचवीस-तीस वर्षे लोकांनी त्या देहात जे पाहिले होते, त्याचा होता.

याउलट उदाहरण आपल्याच देशाचे द्यावयाचे, तर हिमाचलचे दलीपसिंग राणा उर्फ ग्रेट खली यांचे. २००७ मध्ये ते डब्ल्यू. डब्ल्यू. ई.चे वर्ल्ड हेवीवेट विजेते झाले, तेव्हा मलाही अभिमान वाटला. परंतु रसिकतेने बोलावयाचे तर सात फुटांची उंची हे प्रवेशाचे भांडवल आहे, अभिनयाचे नव्हे. प्रवेश झाल्यावर त्यांच्या कुस्तीत सांगण्यासारखे फारसे उरत नसे.

आता ज्या एका कुस्तीमुळे मी या कलेपुढे मान तुकविली, तिच्याविषयी. २३ मार्च १९९७ रोजी शिकागोनजीक रोझमाँट येथे 'रेसलमेनिया १३' मध्ये ब्रेट हार्ट आणि स्टीव्ह ऑस्टिन यांची गाठ पडली. अट अशी, की खांदे टेकवून निकाल नाही. एकाने शरण आले पाहिजे. पंच होते केन शॅमरॉक. हार्ट कॅनडाच्या कॅलगरीचे; वडील स्टू हार्ट यांच्या घराच्या तळघरातील तालमीत घडलेले, लोकांचे लाडके नायक. ऑस्टिन उर्मट, शिवराळ, खलनायक. आख्यान सरळ होते: सज्जनाने दुर्जनास नमवावे. परंतु वीसएक मिनिटांत त्या दोघांनी आख्यानच उलटे केले. हार्ट प्रत्येक डावागणिक अधिक निर्दय होत गेले. पाय जायबंदी करण्याची त्यांची शिस्त हळूहळू सूडाचे रूप घेऊ लागली. अखेरीस त्यांनी ऑस्टिनना पालथे करून, पायांस अढी घालून, मागे रेलण्याचा आपला प्रसिद्ध 'शार्पशूटर' डाव टाकला. ऑस्टिन यांच्या कपाळावरून रक्त वाहत होते. ते ओरडले, तडफडले, एकदा तर सुटता सुटता राहिले. परंतु शरण आले नाहीत. ते मूर्च्छित पडले, आणि पंचांनी कुस्ती थांबविली. हार्ट जिंकले, आणि जिंकल्यावरही बेशुद्ध माणसावर धावून गेले. प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडविली. ऑस्टिन मात्र कोणाचा आधार न घेता लंगडत निघाले, आणि तोच समुदाय त्यांचा जयजयकार करू लागला.

आमच्या रसशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर वीररसाचा धनी बदलला. निकाल ठरलेला होता, यात शंका नाही. परंतु त्या निकालाचा अर्थ ठरलेला नव्हता, तो त्या दोघांनी आमच्या डोळ्यांदेखत घडविला. जिंकणारा हरला आणि हरणारा जिंकला. असे खऱ्या कुस्तीत क्वचितच घडते. नाटकात, आणि तेही उत्तम नाटकात, घडते. मात्र ऑस्टिन यांचे रक्त खरे होते, आणि तेवढ्यापुरती ही कुस्तीही माझ्या कसोटीस पूर्ण उतरत नाही, हे कबूल केले पाहिजे.

ती कसोटी कोणती? या व्यवसायातील खरे कौशल्य मारण्यात नसून जपण्यात आहे. एक मल्ल दुसऱ्यास उचलतो, तेव्हा उचललेल्याने आपली मान आणि कणा त्याच्या हाती सोपविलेला असतो. पाहणाऱ्यास आघात दिसावा आणि सोसणाऱ्यास तो होऊ नये, हे या कलेचे मर्म होय. आपण कोणाही प्रतिस्पर्ध्यास गंभीर इजा केली नाही, हा हार्ट यांचा आयुष्यभराचा अभिमान. आणि दैवाची थट्टा अशी, की डिसेंबर १९९९ मध्ये गोल्डबर्ग या मल्लाची एक बेसुमार लाथ डोक्यास बसून त्यांचीच कारकीर्द पुढच्या वर्षी संपली.

या कसोटीवर पाहता मला माझीच एक आवड मागे घ्यावी लागते. २८ जून १९९८ रोजी पिट्सबर्ग येथे अंडरटेकर यांनी मिक फोली यांना सुमारे सोळा फूट उंच पिंजऱ्यावरून खाली टेबलावर फेकले, आणि नंतर ते पिंजऱ्याचे छत मोडून पुन्हा खाली कोसळले. प्रथम पाहिले तेव्हा मी टाळ्या वाजविल्या. आज ते दृश्य पाहवत नाही. फोली बुद्धिमान नट होते, त्यांचे धैर्य लोकोत्तर होते. परंतु तेथे नाट्य संपून देहाची मोडतोड सुरू झाली होती. दशावतारात नरसिंहाने खरोखर पोट फाडले तर त्यास अभिनय कोण म्हणेल?

आणि पुढच्याच वर्षी त्याचे दारुण फळ दिसले. २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटी येथे ब्रेट हार्ट यांचे धाकटे बंधू ओवेन यांना विनोदी वेषात छतावरून दोराने खाली सोडावयाचे होते. ते निसटले, आणि पडून गतप्राण झाले. वय चौतीस. समालोचकास दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांना मुद्दाम सांगावे लागले, की हा कार्यक्रमाचा भाग नव्हे. कार्यक्रम मात्र पुढे चालूच राहिला. खोट्याची सवय लावलेल्या प्रेक्षकास खरे मरण ओळखता येऊ नये, आणि ओळखल्यावरही खेळ थांबू नये, हा या व्यवसायाचा मोठा कलंक आहे. निकाल आधी ठरविणे हा त्यापुढे किरकोळ अपराध होय.

म्हणून अण्णांच्या प्रश्नाचे उरलेले उत्तर असे: निकाल ठरलेला असणे हा मला दोष वाटत नाही, नटाच्या देहाची किंमत न ठेवणे हा वाटतो. दशावताराची रात्र संपते, दहीकाला होतो, आणि ज्याचा वध झाला तो राक्षस रंग पुसून, ज्याने वध केला त्या देवाच्या शेजारी बसून चहा पितो. तो चहा ज्या कुस्तीनंतर दोघांनाही पिता येतो, ती मी अजूनही पाहतो. इतर वेळी मी टीव्ही बंद करतो, आणि यात्रेची तारीख पंचांगात शोधू लागतो.