किल्लारीखालचा वाहक थर आणि आपले घाईचे गणित

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात जमिनीतील नैसर्गिक विद्युत व चुंबकीय क्षेत्रांचे चढउतार मोजले. सुमारे ६ ते १० किलोमीटर खोलीवर वीज चांगली वाहणारा थर त्यांना आढळला. तेथील भेगांत द्रव असावा, असा अर्थ त्यांनी मांडला. या मोजमापांवर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो आपण शिक्षक-व्याख्याते त्यावरून ‘वाहकता जास्त म्हणजे पाणी जास्त’ असे जे गणित करून टाकतो त्यावर.

हे गणित पाठ्यपुस्तकातून येते. तिथे रोध एकसर जोडलेले असतात किंवा समांतर, आणि एकही तार तुटलेली नसते. खडकातली कोणती भेग कोणत्या भेगेला मिळेल याला मात्र नियम नाही. म्हणून भौतिकीत यादृच्छिक रोधजाळ्याचे प्रारूप वापरतात. सारख्या रोधांचे मोठे चौकटीचे जाळे घ्या आणि चिठ्ठ्या टाकून एकेक रोध तोडत चला. दहा टक्के रोध तुटले की वाहकता दहा नव्हे, सुमारे वीस टक्क्यांनी घटते. निम्मे तुटले की प्रवाह थांबतो, आणि उरलेले निम्मे रोध शाबूत असून निरुपयोगी ठरतात!

१९७१ साली लास्ट आणि थाउलेस यांनी ग्राफाइटचा लेप दिलेल्या कागदाला वाटेल तिथे भोके पाडून वाहकता मोजली. प्रवाह बंद पडण्याच्या सुमारास कागदाचा बराच भाग एकमेकांना जोडलेला होता, तरी वाहकता फारच थोडी उरली होती. कारण जोडलेल्या भागातही आंधळ्या गल्ल्या पुष्कळ असतात आणि त्यांतून वीज पलीकडे जात नाही. खडकातही तसेच. थोडे खारे पाणी नीट जोडलेल्या भेगांत असेल तर थर सुवाहक दिसेल. पुष्कळ पाणी सुट्या पोकळ्यांत कोंडले असेल तर दिसणार नाही. ग्राफाइटचे पातळ, सलग पापुद्रे तर पाण्यावाचूनही वीज नेतात.

अर्थात प्रारूपही निर्दोष नाही. त्यात सगळे रोध सारखे धरलेले असतात; भेगांची रुंदी मात्र एकसारखी नसते. भेग दुप्पट रुंद झाली की तिची वाहकता दुप्पट होते, पण तेवढ्याच दाबाखाली तिच्यातून पाणी आठपट वाहते. म्हणजे विजेची वाट आणि पाण्याची मुख्य वाट एकच असेल असे नाही. (ही गोष्ट वर्गात सहसा कुणी सांगत नाही.)

नांदेड-लातूरकडे बोअरचा पॉइंट काढायलाही जमिनीचा रोधच मोजतात. खोली शे-दोनशे फुटांची असली तरी प्रश्न हाच असतो. यंत्राचा आकडा खरा असतो आणि तरीही बोअर कोरडी जाते. शेतकरी विज्ञानाला दोष देतो. वास्तविक त्या आकड्याला ‘भेगा कुठवर जोडलेल्या आहेत’ हे कुणी विचारलेलेच नसते, आणि एका ठिकाणच्या एका मोजणीतून ते कळतही नाही.