वूफर घ्यावा इंचांवर की लिटरवर?

भंडारा जिल्ह्यातील करडी येथे बारावीच्या एका विद्यार्थ्याने घरी बनवलेला सबवूफर आम्हांला दाखवला. बारा इंची वूफर, जाड प्लायवूडची बंद पेटी, सांधे सरस आणि स्क्रूंनी पक्के केलेले. सुतारकामात नाव ठेवायला जागा नव्हती. त्याने एका चित्रपटातला वादळाचा प्रसंग लावला. आवाज मोठा होता, पण ढगांचा गडगडाट असो, दूरवरचा ट्रक असो की ढोल, पेटीतून सगळ्यांचा एकच 'धम्म' बाहेर पडत होता. "सर, पंधरा इंची घेतला तर सुधारेल का?" असे त्याने विचारले. त्यासाठीचे पैसे घरून मागायचे की नाही, हे आमच्या उत्तरावर ठरणार होते.

मुलाच्या कामाविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती ज्या सल्ल्यावर विसंबून त्याने खर्च केला त्या सल्ल्याविषयी. दुकानाच्या काउंटरवर, जाहिरातींत आणि घरगुती जोडणीच्या छापील कृतींतही तो सल्ला सारख्याच शब्दांत भेटतो: इंच जास्त तितका बास जास्त, वॉट जास्त तितका आवाज जास्त, चुंबक जड तितका वूफर चांगला. या तिन्हींत थोडे थोडे तथ्य आहे, म्हणूनच तो सल्ला टिकून आहे.

आधी इंच पाहू. खर्जाचा आवाज काढायचा म्हणजे हवा ढकलायची. किती हवा ढकलली जाईल हे शंकूचे क्षेत्रफळ आणि शंकू पुढे-मागे किती सरकतो या दोहोंच्या गुणाकारावर ठरते. वारंवारता निम्मी केली तर तोच ध्वनिदाब मिळवण्यासाठी शंकूला चौपट सरकावे लागते. ६० हर्ट्झला १ मिलिमीटर पुरत असेल तर ३० हर्ट्झला ४ मिलिमीटर हवेत. आता बारा इंची वूफरचे कार्यकारी क्षेत्रफळ सुमारे ५०० चौरस सेंटिमीटर धरा. मिरवणुकीसाठी आणि मंडपासाठी बनवलेला असा वूफर एका बाजूला जेमतेम ३ मिलिमीटर नीट सरकतो, म्हणजे १५० घनसेंटिमीटर हवा. घरातल्या सबवूफरसाठी बनवलेल्या आठ इंची वूफरचे क्षेत्रफळ सुमारे २१५ चौरस सेंटिमीटर, पण तो ८ मिलिमीटर सरकू शकतो. गुणाकार येतो १७२. आठाने बाराला मागे टाकले! हा सरकण्याचा आकडा माहितीपत्रकात 'एक्समॅक्स' या नावाने असतो. दुकानात तो विचारला की बहुधा समोरचा माणूस आपल्याकडेच पाहत राहतो.

वॉटचे प्रकरण थोडक्यात आटोपते. वूफरवर छापलेला '३०० वॉट' हा आकडा व्हॉइस कॉइल किती उष्णता सोसू शकते एवढेच सांगतो. एका वॉटला एक मीटरवर ९० डेसिबल देणाऱ्या स्पीकरची कार्यक्षमता सुमारे ०.६ टक्का असते. म्हणजे शंभर वॉट दिले की अर्ध्या वॉटच्या आसपास ध्वनी आणि बाकी सारी ऊब. वॉट दुप्पट केल्याने फक्त ३ डेसिबल वाढतात. 'पीएमपीओ' नावाने छापले जाणारे हजारांचे आकडे तर विचारातही घेऊ नयेत. शिक्षकांनी वर्गात अशा संचाची मागची पट्टी विद्यार्थ्यांना वाचायला लावावी. जो संच भिंतीतून ४० वॉट घेतो तो सतत १००० वॉट कोठून देणार? ऊर्जेच्या अक्षय्यतेचा धडा शिकवायला याहून स्वस्त साधन मिळणार नाही.

चुंबकाची समजूत अधिक फसवी आहे. बळकट चुंबकामुळे स्पीकरची कार्यक्षमता वाढते, हे खरे. पण त्याबरोबर शंकूच्या कंपनांचे विद्युतीय अवमंदनही वाढते. बंद पेटीत हे अवमंदन फार झाले तर खर्ज वाढण्याऐवजी लवकर उतरू लागतो. मंडपवाल्याला ते चालते, कारण त्याला खुल्या मैदानात दूरवर पोहोचायचे असते आणि ५० हर्ट्झखाली काय घडते याची त्याला फिकीर नसते. त्याची निवड त्याच्या कामासाठी योग्यच आहे. तीच वस्तू दहा बाय बाराच्या खोलीत आणून तिच्याकडून वादळाची अपेक्षा करणे हे मात्र बैलगाडीचा बैल शंकरपटात उतरवण्यासारखे आहे.

या तिन्ही वाक्यांत ज्या गोष्टीचा उल्लेखच नाही ती म्हणजे पेटी. वूफरचा शंकू हे एक वस्तुमान आणि त्याला धरून ठेवणारी कडेची रबरी घडी व आतला स्पायडर ही स्प्रिंग. उच्च माध्यमिक वर्गात आपण स्प्रिंगला वजन टांगून आवर्तकाल काढतो, ती हीच व्यवस्था. तिच्या नैसर्गिक वारंवारतेला माहितीपत्रकात 'एफएस' म्हणतात. वूफर बंद पेटीत बसवला की आत कोंडलेली हवा ही दुसरी स्प्रिंग मदतीला, किंवा अडचणीला, येते. पेटी जितकी लहान तितकी ही स्प्रिंग ताठ. एडगर व्हिल्चर यांनी १९५४ साली अमेरिकेत याच हवेच्या स्प्रिंगचा जाणीवपूर्वक उपयोग करून लहान पेटीतून सखोल खर्ज काढला. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये छिद्राच्या पेट्यांचे गणित मांडले. ते जगभर पोहोचायला १९७१ चे पुनर्मुद्रण यावे लागले. पुढे १९७२-७३ मध्ये रिचर्ड स्मॉल यांनी ते विस्ताराने पुरे केले. आज चांगल्या माहितीपत्रकात दिसणारे आकडे या दोघांच्या नावाने ओळखले जातात.

त्यातला 'व्हीएएस' हा आकडा लिटरमध्ये असतो. वूफरच्या स्वतःच्या स्प्रिंगइतकीच ताठ असणारी हवा किती लिटर, हे तो सांगतो. तिसरा आकडा 'क्यूटीएस', म्हणजे एकूण अवमंदनाचे माप. व्हीएएसला पेटीच्या आकारमानाने भागा, त्यात १ मिळवा आणि वर्गमूळ काढा. या संख्येने एफएस आणि क्यूटीएस दोघांनाही गुणले की पेटीत बसवल्यावरची वारंवारता आणि क्यू मिळतात. हा अंतिम क्यू ०.७ च्या आसपास असला की खर्ज सपाट राहून हळू उतरतो. तो १ च्या वर गेला की एका ठिकाणी उंचवटा येतो, आणि त्याखालचे सारे झपाट्याने, दर सप्तकाला १२ डेसिबल या वेगाने, गळून पडते.

करडीच्या पेटीला हे गणित लावून पाहिले. वूफर बाहेर काढला, मोबाइलमधून निरनिराळ्या वारंवारतेचे स्वर अॅम्प्लिफायरला दिले, एक रोधक एकसरीत जोडला आणि वूफरच्या टोकांवरचा व्होल्टेज मल्टिमीटरने पाहिला. तो ४८ हर्ट्झला सर्वाधिक होता, म्हणजे एफएस ४८. मग २० ग्रॅम मळलेली कणीक शंकूच्या मध्याभोवती चिकटवली, तेव्हा वारंवारता ४० वर आली. ४८ भागिले ४० म्हणजे १.२, त्याचा वर्ग १.४४. २० ला ०.४४ ने भागले की हलणारे वस्तुमान सुमारे ४५ ग्रॅम निघते. हा प्रयोग कोणत्याही शाळेत करता येईल, मात्र साध्या मल्टिमीटरचे वाचन सगळ्या वारंवारतांना सारखे विश्वासार्ह नसते, तेव्हा कमाल बिंदू शोधण्यापुरताच तो वापरावा.

वूफर ३० लिटरच्या पेटीत परत बसवला तेव्हा तीच वारंवारता ९६ वर पोहोचली, अगदी दुप्पट. त्याचा अर्थ व्हीएएस पेटीच्या तिप्पट, म्हणजे ९० लिटर. त्या वूफरचा क्यूटीएस ०.६ होता. तोही दुप्पट होऊन १.२ झाला. 'धम्म' कोठून येतो ते आता कळले. १०० हर्ट्झच्या थोडे वर दोन-अडीच डेसिबलचा उंचवटा, आणि ३२ हर्ट्झला, जिथे गडगडाटाचा खरा तळ असतो, तिथे त्या उंचवट्यापेक्षा वीस डेसिबल कमी. कोणताही आवाज आला तरी पेटी आपलाच स्वर म्हणत होती.

आणि पंधरा इंची? अशा वूफरचा व्हीएएस २०० लिटरपुढे असणे नवलाचे नाही. २१० लिटर आणि एफएस ४० धरला तर त्याच ३० लिटरच्या पेटीत वारंवारता ११३ हर्ट्झवर चढते. अधिक पैसे देऊन खर्ज आणखी वर गेला असता! पेटीला भोक पाडून नळी बसवण्याचा उपायही कोणीतरी त्याला सुचवला होता. रांजणाच्या तोंडाशी फुंकर घातली की जो घुमारा येतो तेच तत्त्व त्यात आहे. पण त्याला कमी क्यूटीएसचा वूफर आणि मोजून घेतलेली नळी लागते, आणि त्या घुमाऱ्याखालच्या वारंवारतांना शंकूला हवेचा आधार उरत नाही. ०.६ च्या वूफरला ते मानवणारे नव्हते.

आम्ही त्याला दुसरी जोडी सुचवली: दहा इंची, एफएस ३०, क्यूटीएस ०.५, व्हीएएस ६० लिटर. ६० लिटरच्या पेटीत ही ४२ हर्ट्झ आणि ०.७ वर बसते. पेटी २० लिटरची केली तर ६० हर्ट्झ आणि १. जागा नसेल तर हेही चालेल, पण काय गमावले ते ठाऊक असलेले बरे. अशा वूफरचा आवाज दर वॉटला मंडपाच्या वूफरपेक्षा कमी असतो. लहान पेटी, सखोल खर्ज आणि भरपूर कार्यक्षमता या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत, आणि हे कोणतीच जाहिरात सांगत नाही. त्याच्या घरावर कवेलू आहेत. त्यामुळे बराचसा खर्ज वरून निघून जाणार, तेही हिशेबात धरायला हवे.

बारा इंची वूफर त्याने गावातल्या मंडपवाल्याला दिला. तिथे तो उत्तम वाजतो. नवी पेटी ६० लिटरची ठरली आहे. वूफरच्या चुंबकाने आणि आतल्या आडव्या पट्ट्यांनी अडवलेली जागा वजा करायची की मिळवायची, यावर त्याने आम्हांला पुन्हा विचारणा केली आहे. मिळवायची.