‘विट्’ : पर्यायांच्या पलीकडचा अर्थ

इंग्रजी समीक्षेतील ‘विट्’ या संज्ञेसाठी मराठीत विनोदबुद्धी, चातुर्य, मार्मिकता, कोटी, वैदग्ध्य, हजरजबाबीपणा असे अनेक प्रतिशब्द योजता येतात. संदर्भ पाहून त्यांतील एक निवडला की अर्थाचा प्रश्न मिटतो, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. आधुनिक इंग्रजीपुरते हे गृहीतक चालून जाते. सतराव्या-अठराव्या शतकांतील लेखनाला मात्र ते लागू पडत नाही. त्या काळात या शब्दाचा अर्थ हाच वादाचा विषय होता आणि काव्य ही कोणत्या शक्तीची निर्मिती आहे, हा प्रश्न त्या वादात गुंतलेला होता.

‘विट्’चे मूळ ‘जाणणे’ या अर्थाच्या प्राचीन इंग्रजी क्रियापदाशी जोडलेले असून ते संस्कृत ‘विद्’ धातूशी सगोत्र आहे. मन, भान, शहाणपण हा त्याचा जुना अर्थ. मती गुंग होणे, भान सुटणे या आशयाच्या इंग्रजी वाक्प्रचारांत तो आजही टिकून आहे. पुढे लॅटिन ‘इन्जेनियम’चा, म्हणजे जन्मजात बुद्धिसामर्थ्याचा, प्रतिशब्द म्हणून तो वापरात आला आणि कवीच्या प्रतिभेचा वाचक ठरला. सी. एस. लुइसने ‘स्टडीज इन वर्ड्‌स’ (1960) या ग्रंथात हा अर्थप्रवास मांडताना एक महत्त्वाचा इशारा दिला आहे. आजच्या वाचकाच्या मनात जो अर्थ प्रबळ असतो, तोच जुन्या संहितेच्या वाचनात सर्वांत धोक्याचा ठरतो. तो चुकीचा असूनही वाक्यात सहज बसतो, त्यामुळे चूक लक्षातच येत नाही.

वादाचे स्वरूप व्याख्यांवरून स्पष्ट होते. हॉब्जने ‘लेव्हायथन’मध्ये (1651) वस्तूंतील साम्य टिपणारी कल्पनाशक्ती आणि भेद टिपणारा विवेक यांत फरक केला व विवेकाला अधिक प्रतिष्ठा दिली. लॉकने 1690 च्या निबंधात हा भेद विरोधापर्यंत नेला. त्याच्या मते ‘विट्’ साम्याच्या आधारे कल्पनांची सुखद चित्रे जुळवते, तर विवेक त्या कल्पना काळजीपूर्वक वेगळ्या करून भ्रम टाळतो. या मांडणीत रूपक व सत्य परस्परांपासून दुरावतात. ड्रायडनने 1677 मध्ये विचार व शब्द यांच्या औचित्याला ‘विट्’ म्हटले. ही व्याख्या मान्य केली तर युक्लिड हाच सर्वश्रेष्ठ ठरेल, असा टोला अ‍ॅडिसनने 1711 मध्ये ‘स्पेक्टेटर’मधून लगावला. लुइस अशा व्याख्यांना डावपेचाच्या व्याख्या मानतो. प्रतिष्ठित शब्द आपल्या पक्षाकडे ओढून घेणे हा त्यांचा हेतू असतो. प्रत्यक्ष भाषाव्यवहाराचे वर्णन करणे हा नव्हे. म्हणून अशा व्याख्या शब्दकोशातील नोंदींप्रमाणे वाचता येत नाहीत.

त्याच वर्षी, 1711 मध्ये, प्रसिद्ध झालेल्या पोपच्या ‘अ‍ॅन एसे ऑन क्रिटिसिझम’ या 744 ओळींच्या काव्यात हा शब्द सरासरीने दर सोळा-सतरा ओळींमागे एकदा येतो. कधी त्याचा अर्थ कवीची निर्माणशक्ती असतो, कधी चमकदार सुटी कल्पना, कधी बुद्धीचा डौल मिरवणारा माणूस. विवेकाशी असलेल्या त्याच्या नात्याला पोप पतिपत्नींची उपमा देतो : परस्परांसाठी निर्माण झालेली, तरी वारंवार भांडणारी. विल्यम एम्प्सनने ‘द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्‌स’मध्ये (1951) असे प्रतिपादन केले की, या काव्यातील अत्यंत गंभीर उपयोगातही दिवाणखान्यातील विनोदवीर पूर्णपणे दृष्टिआड होत नाही. प्रत्येक ओळीला हे सारख्याच प्रमाणात लागू करणे ताणलेले वाटते. प्राचीन महाकवींविषयीच्या आदराच्या ओळींत विनोदवीराची सावली शोधावीच लागते. तथापि एका उपयोगाचा अर्थ दुसऱ्यात झिरपतो, हे एम्प्सनचे मूळ निरीक्षण निर्णायक आहे. प्राचीनांची प्रतिभा आणि कॉफीगृहातील चुरचुरीत बोलणे या दोन भिन्न शक्ती नसून एकाच शक्तीच्या शिस्तबद्ध व बेशिस्त अवस्था आहेत, असा पोपचा युक्तिवाद या काव्यातून उभा राहतो. तो कोठेही सूत्ररूपाने सांगितलेला नाही. एका शब्दाच्या पुनरावृत्तीने तो घडवला आहे. एका ठिकाणी ‘प्रतिभा’, दुसऱ्या ठिकाणी ‘कोटी’, तिसऱ्या ठिकाणी ‘चातुर्य’ असे भाषांतर केले, तर प्रत्येक ओळ सुबोध होते, परंतु युक्तिवाद नाहीसा होतो.

‘वैदग्ध्य’ हा पर्याय त्यातल्या त्यात जवळचा वाटतो. मात्र ध्वनिसाम्यामुळे त्याचा संबंध ‘विद्’शी जोडणे चुकीचे आहे. ‘विदग्ध’ हा शब्द ‘दह्’ धातूपासून आला असून भाजून पक्व झालेला, म्हणून निष्णात, असा त्याचा अर्थविकास आहे. कुंतकाने वक्रोक्तीची व्याख्या वैदग्ध्याच्याच आधारे केली असली, तरी ‘विट्’ व वक्रोक्ती यांचे समीकरण घाईने मांडता येत नाही. संस्कृत काव्यशास्त्रात प्रतिभा, व्युत्पत्ती, औचित्य, वक्रोक्ती या पृथक् संज्ञा आहेत. त्यांच्या परस्परसंबंधांची चर्चा दोन संज्ञांमध्ये होते. इंग्रजीत तोच संघर्ष दीर्घकाळ एका शब्दाच्या पोटात चालला. शिवाय साम्यदर्शन हे सत्यज्ञानाला बाधक आहे, या लॉकच्या शंकेतून आपल्या अलंकारविचाराचा आरंभ होत नाही.

कोलरिजच्या ‘बायोग्राफिया लिटरारिया’पर्यंत (1817) निर्मितीचा उच्च अर्थ ‘इमॅजिनेशन’कडे गेला आणि ‘विट्’च्या वाट्याला मुख्यत्वे चुरचुरीतपणा उरला. एलियटने 1921 मध्ये मार्व्हेलवरील निबंधात त्याचे गांभीर्य पुन्हा प्रस्थापित करण्याचा प्रयत्न केला. समीक्षेत त्याला यश आले; बोलीतला संकोच मात्र कायम राहिला. त्या कालखंडाच्या मराठी अभ्यासात म्हणूनच मूळ संज्ञा लिप्यंतरित ठेवून प्रत्येक स्थळी तिचा प्रधान व गौण अर्थ नोंदवणे अधिक न्याय्य ठरते. पर्यायांची यादी अशा वाचनाला सुरुवात करून देऊ शकते. त्याची जागा घेऊ शकत नाही.