पाळकाचे घर आणि कॅरेंचा प्रबंध

मराठी व्याकरण (१८०५) रचणारे विल्यम कॅरे आपणांस परिचित आहेत. सेवाकार्याविषयीची त्यांची मूळ भूमिका मात्र, लेस्टर येथे बाप्टिस्ट मंडळीचे पाळक असताना १७९२ साली प्रसिद्ध केलेल्या ‘एन्क्वायरी’ या प्रबंधात आढळते.

देशोदेशींच्या लोकसंख्येची कोष्टके आणि कर्तव्य टाळणाऱ्या सबबींचे खंडन हे या प्रबंधाचे बळ होय. मिशनरी शक्यतो विवाहित असावेत आणि त्यांच्या निर्वाहाची तजवीज करण्यासाठी आणखी काही कुटुंबांनी सोबत जावे, असे कॅरे सुचवितात. सेवकाला घरदार असते, हे जाणणारी ही दृष्टी व्यवहारी आहे. तथापि पत्नी व मुले येथे केवळ सोयीच्या हिशेबात येतात; पाचारणात त्यांचा वाटा कोणता, त्यांची संमती कशी घ्यावी, याविषयी प्रबंध मौन पाळतो.

त्या मौनाचा अर्थ डॉरथी कॅरे यांच्या चरित्रावरून कळतो. प्रथम नकार देऊनही १७९३ साली त्या पतीबरोबर हिंदुस्थानास आल्या. पुढच्याच वर्षी पुत्र पीटर वारला. डॉरथींना मनोविकाराने ग्रासले, तो १८०७ साली मृत्यूनेच संपला. याचे खापर प्रबंधावर फोडणे अन्यायाचे होईल. परंतु त्यांची व्यथा बाजूस सारून तो वाचणेही योग्य नव्हे.

घर सांभाळता न येणारा मंडळी कशी सांभाळणार, हा तीमथ्याच्या पहिल्या पत्रातील (३:५) प्रश्न आपण पाळकाला विचारतो. पाळकाची बदली ठरविताना त्याच्या पत्नीचे मत किती मंडळ्या विचारतात?