भास्करबुवा बखले : कीर्ति आणि पुरावा

गवयाची कीर्ति ही मोठी चमत्कारिक वस्तु आहे. कवि गेला तरी त्याचा ग्रंथ कपाटांत राहतो, शिल्पकार गेला तरी मूर्ति देवळांत राहते. परंतु मैफल उठली कीं श्रोत्यांच्या आठवणीपलीकडे गाण्याचें कांहींच उरत नाहीं. ही उणीव ध्वनिमुद्रिकेनें पुष्कळशी भरून काढली. हिंदुस्थानांत ध्वनिमुद्रण १९०२ सालीं सुरू झालें आणि भास्करबुवा १९२२ सालीं निवर्तले. मध्यें वीस वर्षें गेलीं, तरी बुवांची एकहि तबकडी आपल्या हातीं नाहीं. त्यांना प्रत्यक्ष ऐकलेली पिढीहि आतां राहिली नाहीं. असें असतां ‘देवगंधर्व’ या पदवीला आपण जी मान डोलावतों, ती कोणत्या पुराव्यावर, हा प्रश्न रसिकांनीं एकदां स्वतःस विचारावयास हवा.

चरित्र थोडक्यांत असें. जन्म १८६९ सालचा, बडोदें संस्थानांतील कठोर गांवचा. लहानपणीं गोड गळ्यामुळें किर्लोस्कर नाटक मंडळींत प्रवेश झाला. पण वयांत येतांना आवाज फुटला आणि रंगभूमि सुटली. या आपत्तीनेंच त्यांना खऱ्या विद्येकडे नेलें. बडोद्यास फैजमहंमदखां, पुढें आग्रा घराण्याचे नत्थनखां व अखेरीस अल्लादियाखां अशा तीन थोर उस्तादांची तालीम त्यांनीं घेतली. एका गुरूच्या दारांत आयुष्य घालवून दुसऱ्याचें नांवहि न काढण्याच्या त्या काळांत हें धाडस लहान नव्हतें.

बुवांच्या गायकींत ‘तीन घराण्यांचा त्रिवेणीसंगम’ झाला, हें वाक्य त्यांच्यावरील प्रत्येक लेखांत येतें. आमच्या मतें या वाक्यानें स्तुति होते, बोध कांहींच होत नाहीं. ग्वाल्हेरची चीज सरळ, भरदार मांडणी मागते. आग्रा घराणें बोलांची फेक करून लयीशीं झुंजतें. अल्लादियाखांची तान पेचदार असून तिचा ओघ तुटूं देणें हा तेथें अपराध समजतात. बोल तोडून खेळावयाचे आणि ओघहि अखंड ठेवावयाचा, या दोन गोष्टी एकमेकींशीं सहज नांदत नाहींत. तेव्हां बुवांनीं या विरोधाचा निकाल कसा लावला, हाच टीकाकाराचा खरा प्रश्न आहे.

याचें उत्तर शिष्यांकडे पाहून थोडेंबहुत मिळतें. मास्तर कृष्णराव चपळ, खेळकर, क्षणांत नवी कल्पना उडविणारे. बालगंधर्व शब्दाला व लयीला बिलगून जाणारे. दिलीपचंद्र वेदी तर पंजाबांतले. गोविंदराव टेंबे यांचा मार्ग आणखी निराळा. एकाचा सूर ऐकून दुसऱ्याची आठवण होऊं नये इतके हे भिन्न आहेत. ठसा घेऊन माणसें पाडणारा गुरु असा शिष्यवर्ग निर्माण करीत नाहीं. आम्हांला वाटतें, तीन विद्या एकत्र कालवून चौथी बनविण्यापेक्षां कोणत्या गळ्याला कोणती मात्रा मानवेल हें ओळखणें, हीच बुवांची खरी प्रतिभा होती. १९११ सालीं पुण्यास भारत गायन समाज स्थापन करण्यामागेंहि हीच वृत्ति दिसते.

दुसरा पुरावा ‘स्वयंवरा’चा. खाडिलकरांच्या या नाटकास १९१६ सालीं बुवांनीं चाली दिल्या. एवढ्या थोर गवयानें नाटककंपनीसाठीं विद्या खर्ची घातली, असा आक्षेप शुद्ध संगीताचे अभिमानी घेतात. तो आम्हांस मान्य नाहीं. यमन, भूप, बिहाग, भीमपलास हे राग बुवांनीं ख्यालाच्या अंगानें, त्यांचा घरंदाजपणा राखून, नाटकगृहांत आणले. ज्या कुटुंबांतील स्त्रियांना मैफलीचा उंबरठा ओलांडण्याची मुभा नव्हती, त्यांच्या कानांवर भूपाचें शुद्ध स्वरूप या मार्गानें पडलें. माजघरांत व पाळण्याशीं तें गुणगुणलें गेलें. मात्र एक दोष कबूल केला पाहिजे. चाली जितक्या समर्थ, तितकें नाटक दुबळें झालें. ‘वन्स मोअर’च्या गजरांत संवाद थांबे आणि रुक्मिणी क्षणभर मागें सरून गवई तेवढा उरे. हा दोष एकट्या बुवांच्या माथीं मारणें अन्याय होईल. पण त्यांच्या चालींनीं त्यास बळ दिलें, हें नाकारतां येत नाहीं.

शिक्षकी पेशांत आयुष्य घालविल्यामुळें हा विषय आम्हांस अधिक जिव्हाळ्याचा वाटतो. वर्गांतील व्याख्यान घंटेबरोबर हवेंत विरतें. तें कसें होतें हें पुढें विद्यार्थ्यांवरूनच कळावयाचें, आणि पुष्कळदां तें विद्यार्थ्यांसहि ठाऊक नसतें. बुवांची गोष्ट याच जातीची, फार मोठ्या प्रमाणावरची आहे.

म्हणून आमची विनंति अशी कीं, ‘देवगंधर्व’ ही पदवी कांहीं काळ बाजूस ठेवावी. बालगंधर्वांची ‘स्वयंवरां’तील एखादी तबकडी व मास्तर कृष्णरावांचा एखादा ख्याल एकाच बैठकींत ऐकावा. दोघांचे गळे वेगळे, स्वभाव वेगळे. पण शब्द न चिरडतां, गाजावाजा न करतां समेवर येण्याची एक रीत दोघांतहि आढळते. ती तिसऱ्या कोणाची तरी आहे. त्या तिसऱ्यास जितकें ओळखतां येईल तितकेंच भास्करबुवा आपल्या वांट्यास आले आहेत. तें थोडें असेल, पण तें ऐकीव नाहीं, ऐकलेलें आहे.